मुदत संपलेलं नाव

ही गोष्ट मी आजपर्यंत कुणालाच पूर्ण सांगितलेली नाही. अर्धी सांगितली आहे, आणि अर्धी सांगितली म्हणूनच आता लिहायला बसलो आहे. माझ्या बायकोलाही ती माहीत नाही. आमटीत मसाला पडला आणि घरभर वास सुटला की हा माणूस पेपर घेऊन बाहेरच्या पायरीवर का जाऊन बसतो, हे तिला हे वाचून कळेल.

तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून आधी थोडं सांगतो. मी कोरेगावात राहतो, लोकांची कराची आणि परवान्यांची कामं करतो. सगळे मला अण्णा म्हणतात. मी हिशेबी आहे. चिक्कू नव्हे, हिशेबी. विजेच्या मीटरचा आकडा पहिल्या तारखेला उतरवून ठेवणारा, दुकानदारानं चुकून एक पुडा जास्त बांधला तर परत नेऊन देणारा. भावाभावांत बांधावरून वाद झाला की लोक म्हणतात, अण्णांना विचारा, अण्णा खोटं बोलायचे नाहीत. आणि ते खरं आहे, मी खोटं बोलत नाही. मला सांगायचं आहे ते हेच — एकही खोटा शब्द न बोलता माणसाला काय काय करता येतं.

आमच्या भागात कामाची एक पद्धत आहे. फॉर्म भरताना मोबाइलचा आणि ई-मेलचा रकाना आला की समोरचा माणूस हात झटकतो. "तुमचाच टाका की अण्णा. आमाला काय कळतंय त्यातलं." मी माझा टाकतो. ओटीपी माझ्याच फोनवर येतो, काम तिथल्या तिथे होतं, माणूस चहा पिऊन जातो. हे बरोबर नाही हे मला माहीत होतं. पण बाजारपेठेतल्या कितीतरी दुकानांच्या चाव्या आपल्या खिशात आहेत, हे कुणाला आवडणार नाही? मला आवडत होतं. हेही लिहून टाकतो.

सुंदराक्का आमच्या गल्लीतल्या. माझ्या आईची मैत्रीण. आई गेली तेव्हा महिनाभर आमच्याकडे दोन्ही वेळची भाकरी त्यांच्या घरून आली. त्यांचे यजमान सैन्यात होते, मुलगा संभाजीही सैन्यात आहे. आमच्याकडची पोरं सुट्टी संपवून परत निघाली की ट्रंकेत कांदा-लसूण मसाल्याचा एक डबा असतोच. आक्कांचा मसाला असाच संभाजीच्या ट्रंकेतून त्याच्या तुकडीत गेला आणि तिथून बाकीच्यांच्या घरी. कुठून कुठून फोन यायचे. "आक्का, दोन किलो धाडा." आक्का संकेश्वरी मिरची स्वतः निवडायच्या, मसाला कुटायच्या डंकावर स्वतः उभ्या राहायच्या, आणि पाकिटांवर छापलेलं नाव होतं "सुंदराक्का मसाला".

त्या मसाल्याची वेबसाइट काढली ती त्यांच्या सुनेनं. मनीषा कुंडलची. शिकलेली, कामाला वाघ, आणि माणसांशी बोलायला गोड. तिचा भाऊ नितीन पुण्यात संगणकाचं काम करतो, त्यानं साइट बनवून दिली. पण नाव घ्यायचं काम माझ्याकडे आलं.

इथे जरा थांबून सांगावं लागेल. इंटरनेटवर साइट म्हणजे दुकानाचा गाळा समजा, तर डोमेन म्हणजे त्या गाळ्याचा पत्ता. गाळ्याची किल्ली वेगळी, पत्त्याची नोंद वेगळी. पत्ता कायमचा विकत मिळत नाही. ठरलेल्या मुदतीनं तो पुढे चालू करावा लागतो. नाही केला तर काही आठवडे सवलतीचे मिळतात, आणि मग तो सुटतो. जो पुढे येईल त्याचा होतो. साइटच्या गाळ्याचा पासवर्ड मनीषाकडे होता. पत्त्याची नोंद करताना ती माझ्या ऑफिसात बसली होती, आणि रकाना आला तेव्हा म्हणाली, "तुमचाच टाका, अण्णा." नाव माझं, मेल माझा. साइट छान चालली. आक्का सगळ्यांना सांगायच्या, "सुनंनं दुकान आभाळात काढलंय."

त्यानंतर तिसऱ्या वर्षी एक गोष्ट झाली. छोटी. मनीषा ऑफिसात आली, चार माणसं बसली होती. तिनं सहज सांगितलं, मसाल्याच्या नावाचा ट्रेडमार्क करायला टाकलाय, पुण्याच्या एका ऑफिसातून. तिनं आधी मला दोनदा विचारलं होतं, ट्रेडमार्क लागतो का म्हणून. मी म्हटलं होतं, पाकिटावर नाव छापलंय तेवढं बास. ते चूक होतं. मला त्यातलं नीट माहीत नव्हतं, आणि माहीत नाही असं म्हणायची मला सवय नव्हती. "ती मानसं म्हनली, हे आदीच करायला पायजे हुतं," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. पण बाकावरचा एक खतांचा दुकानदार हसला. "काय अण्णा, घरचं गिऱ्हाईक पुन्याला पळालं व्हय? तुमी आता आमची खतावनीच लिवा." सगळे हसले. मीही हसलो.

त्याच वर्षी नावाची मुदत संपली आणि नाव सुटलं. कसं सुटलं ते सांगणार आहे. सांगायला उशीर करतो आहे, हेही मला कळतंय.

आधी साइट उघडेना. मग काही आठवड्यांनी उघडायला लागली, पण ती दुसऱ्याच कुणाची तरी. बाहेरच्या कुणीतरी ते नाव उचललं होतं आणि त्याच नावानं भलताच मसाला विकायला काढला होता. आक्कांना ते कळलं ते एका जवानाच्या फोनवरून.

"आक्का, तब्येत बरी हाय न्हवं?"

"मला काय हुतंय, बाबा?"

"न्हाई, ह्या बारीचा मसाला... तुमच्या हातचा वाटंना."

आक्कांनी फोन ठेवला आणि बराच वेळ स्वतःच्या हाताकडे बघत बसल्या, असं मला मनीषानंच नंतर सांगितलं.

मग त्यांच्या घरी, पुढच्या सोप्यात बैठक झाली. संभाजी सुट्टीवर होता, नितीन पुण्याहून आला होता, मला मुद्दाम बोलावलं होतं. नितीन सरळ बोलला. "आक्का, नावाची मुदत संपून गेली. मुदत संपायच्या आधी मेल येतात, एक न्हाई, चार येतात. ज्यांच्या मेलवर नोंद हाय त्यांना आलेच असणार. नाव अण्णांनी घेतलं हुतं. अण्णांना इचारा."

आक्का ताडकन म्हणाल्या, "अण्णांचं नाव मदी आनू नगंस. त्या मानसाचा आकडा कवा चुकल्याला न्हाई. बहिनीचं झाकायला दुसऱ्याच्या अंगावर ढकलतोस व्हय रं?"

नितीननं माझ्याकडे बघितलं. मनीषानंही. तिच्या नजरेत संशय नव्हता. तिला वाटत होतं, अण्णा आता नीट समजावून सांगतील.

"अण्णा, तुमीच सांगा," आक्का म्हणाल्या. "किल्ली कुनाकडं हुती?"

मी म्हणालो, "साइटचा पासवर्ड मनीषाकडे होता."

एवढंच. यातला एक शब्द तरी खोटा आहे का? नाही. विचारलं तेवढ्याचंच उत्तर दिलं. पण सोप्यात बसलेल्या प्रत्येकाला त्याचा जो अर्थ लागला, तो लागणार हे मला बोलायच्या आधीच माहीत होतं. नितीन उठला. चप्पल घालताना तो बहिणीला एवढंच म्हणाला, "तुला तरी पटतंय का हे?" तो गेला, आणि त्या वर्षी भाऊबिजेला आला नाही. पुढच्या वर्षीही नाही, त्याच्या पुढच्याही नाही. ऑर्डरी घ्यायचा फोन आक्कांनी स्वतःच्या उशाशी ठेवला. मनीषाला पाकिटं भरायला बसवलं. ज्या सुनेनं आभाळात दुकान काढलं होतं, तिला कुणी काही विचारेनासं झालं.

तरी गेलेल्या नावावर इलाज होता. एवढं तरी सुधारता आलं असतं. आक्कांनी मला सांगलीला एका वकीलबाईंकडे पाठवलं, कागद घेऊन. "तुमी शिकल्यालं, तुमीच जावा." वकीलबाईंनी जुनी पाकिटं पाहिली, बिलं पाहिली. म्हणाल्या, ट्रेडमार्कची नोंद अजून हातात आली नसली तरी हरकत नाही, हे नाव तुम्ही कितीतरी आधीपासून वापरत आहात, ते दाखवता येतं. डोमेनच्या भांडणासाठी कोर्टात वर्षानुवर्षं जायला लागत नाही, लवादापुढे तक्रार करता येते. नाव आपलंच आहे, त्या माणसाचा त्यावर काही हक्क नाही आणि त्यानं ते वाईट हेतूनं घेतलंय, एवढं पटवून द्यायचं. तुमची बाजू चांगली आहे. खात्री कुणीच देत नाही, पण चांगली आहे. मग त्यांनी पेन उचललं. "फक्त मला सांगा, आधी हे डोमेन कुणाच्या नावावर होतं, आणि सुटलं कसं?"

मी म्हटलं, बघून सांगतो.

परत येताना रेल्वेत खिडकीपाशी बसलो होतो. कुंडलजवळचं स्टेशन आलं. मनीषाच्या माहेरची माणसं इथेच उतरत असतील, असं मनात आलं. त्यानंतर रहिमतपूर येईपर्यंत मी एक वाक्य जुळवत होतो. आक्कांकडे गेलो आणि ते बोललो. "वकीलबाई म्हणाल्या, हाती काही लागेलच याची खात्री देता येत नाही. मला विचाराल तर नवं नाव घ्यावं." हेही खरंच नव्हतं का? वकीलबाई ते म्हणाल्याच होत्या. त्याआधी त्या अर्धा तास काय म्हणाल्या, तेवढं मी गाळलं. आक्कांनी मान डोलावली. "तुमी म्हनताय म्हंजे तसंच आसंल." सांगलीला मी पुन्हा गेलो नाही.

नवं नाव घेतलं, पुढे गाव जोडून. तेही मीच घेतलं. रकाना आला, आणि मी पुन्हा माझाच मेल टाकला.

आणि मग दरवर्षी मनीषा यायला लागली. गणपती झाले की, मुदतीच्या चांगली महिनाभर आधी. तिच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर ती तारीख लाल पेनानं गोल करून ठेवलेली असते. पायऱ्या चढून यायची, टेबलावर मसाल्याचा डबा ठेवायची आणि उभ्यानंच म्हणायची, "अण्णा, तेवढं नावाचं बघा हं. यंदा माज्याकडनं चुकायला नगं." पहिल्या वर्षी तर तिनं माझी माफी मागितली — नितीनदादा तुमाला तसं बोलला, मनावर घेऊ नका. मी म्हटलं, असू दे. तिची माफी मी ठेवून घेतली. डबाही.

तो मसाला आम्ही घरी खातो. बायको म्हणते, आक्कांच्या हातासारखा हात नाही.

यंदा मनीषा आली तेव्हा तिच्याकडे स्वतःचा नवा फोन होता. लेकीनं तिचा मेल उघडून दिला होता. "अण्णा, आता नावाची नोंद माज्याच मेलवर करा. तुमाला तरी किती तरास." मला नाही म्हणायला काही कारण सापडलं नाही. मी बदल केला. तिचा फोन वाजला. तिनं चष्मा लावून मेल वाचला, सावकाश, एकेक शब्द. मग फोन खाली धरून विचारलं.

"म्हंजे मुदत संपायला आली की मेल हितं येनार?"

"हो."

"आन् आदीच्या नावाचा मेल कुनाला येत हुता?"

मी म्हटलं, "मला."

ती खाली बसली. माझ्या ऑफिसात एवढ्या वर्षांत ती पहिल्यांदा बसली, असं मला उगीचच वाटलं. खुर्चीच्या कडेवर बसली होती.

"दादा खरंच म्हनत हुता म्हना की," ती म्हणाली. आवाज चढला नाही. मग तिनंच मला वाट करून दिली. "कामाच्या गडबडीत राहून गेलं आसंल, न्हवं? किती जनांचं बघता तुमी एकटं. ईसरला आसाल."

मी मान हलवली.

नुसती मान हलवली. शब्द नाही बोललो. ती उठली, डबा टेबलावरच ठेवून गेली. खाली रस्त्यावर उभी राहून तिनं फोन लावला. खिडकी उघडी होती. "दादा, मी. न्हाई, कायबी झालं न्हाई. सहजच केला. जेवलास?" मग बराच वेळ नुसता फोन कानाला लावून उभी होती.

तिनं घरी सांगितलं. आक्कांनी सुनेला जवळ बसवून घेतलं, ऑर्डरीचा फोन तिच्या हातात दिला आणि नितीनला स्वतः फोन करून बोलावलं. यंदा भाऊबिजेला तो आला. दुसऱ्या दिवशी आक्कांचा निरोप आला. मनीषाच घेऊन आली, बरोबर फराळ. "आक्का म्हनल्या, अण्णांना सांग, जिवाला लावून घेऊ नगासा. मानूस हाय, ईसरतं."

त्या घरानं मला माफ केलं. विसरल्याबद्दल.

आता ते सांगतो.

पहिला मेल आला तेव्हा सकाळ होती, ऑफिसात कुणी नव्हतं. मी तो उघडला. दोन मिनिटांचं काम होतं. खतवाल्याचं हसणं माझ्या कानात होतं. मी म्हटलं, बघू. दुसरा मेल आला. म्हटलं, पुण्याच्या माणसांना कळेल की. मुदत संपली, साइट बंद पडली. आता मनीषा येईल, मला वाटलं. आता पायऱ्या चढून येईल आणि चार माणसांत म्हणेल, अण्णा, तुमच्याशिवाय काम न्हाई. ती आल्याबरोबर मी नाव पुढे चालू करणार होतो, हे मी मनाशी ठरवलंही होतं. पण तिनं आधी भावाला फोन केला, तो त्या आठवड्यात आजारी होता, तिला वाटलं साइटचंच काहीतरी बिघडलंय, दादा बरा झाला की बघेल. मी रोज संध्याकाळी ते नाव टाकून बघत होतो — अजून बंद आहे का. बंद असायचं. मला बरं वाटायचं. सवलतीचे दिवस सरत आले तेव्हा शेवटचा मेल आला. आता केलं नाही तर नाव जाईल, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. मी तो मेल वरपासून खालपर्यंत वाचला. ज्या बाईनं माझ्या आईमागे मला भाकरी दिली, तिचं नाव त्यात होतं. मी कोपऱ्यातली फुली दाबली आणि मेल बंद केला.

माझ्या तारखा चुकत नाहीत. कोरेगावात हे सगळ्यांना माहीत आहे.

परवा मी सांगलीला वकीलबाईंना फोन केला. तक्रार अजूनही करता येईल, त्या म्हणाल्या. उशीर झालाय, प्रश्न विचारले जातील, पण करता येईल. मात्र आधीचा नोंदणीदार म्हणून मला शपथपत्र द्यावं लागेल, नाव सुटलं कसं त्याचं. त्यांनी मसुदा पाठवला. त्यात लिहिलं होतं, "नजरचुकीने मुदत उलटून गेली." सगळे तसंच लिहितात, त्या म्हणाल्या, त्यानं कुणाचं काही बिघडत नाही.

मी तो शब्द खोडून परत पाठवला. उद्या सकाळी ही पानं मनीषाला नेऊन देणार आहे. ती आक्कांना वाचून दाखवेल, नितीनला पाठवेल, किंवा नाही. ते तिचं तिनं ठरवायचं.

नजरचूक नव्हती. मी विसरलो नव्हतो.